मासे कुणाचे?

घोडेगाव, श्रावण

प्रिय विजू,

तुझा फोटो पोचला. गॅल्व्हेस्टनचा किनारा, डोक्यावर टोपी, हातात तांबूस मासा आणि त्याच्या शेपटीजवळ तो काळा ठिपका! शाळेत असताना गळाला गांडूळ लावायचं म्हटलं की तुला ओकारी यायची. आता खिशात टेक्सासचा परवाना घेऊन रेडफिश धरतोस. वहिनींनी त्याचं कालवण केलं की नाही, ते मात्र लिहिलं नाहीस. वर विचारतोस, ‘इथं सरकार मासे जन्माला घालून समुद्रात सोडतं, तुमच्याकडं असलं काही असतं का?’ असतं तर! आमच्या डिंभे धरणात पाऊस स्थिरावला की हाच उद्योग.

तुमच्याकडचं थोडं वाचून काढलं. टाकीतला उजेड आणि पाण्याचं तापमान हळूहळू बदलत नेतात, माशाला वाटतं शरद ऋतू आला, आणि तो अंडी घालतो. पिल्लं महिनाभर खाऱ्या तळ्यात वाढवायची, इंच-दीड इंचाची झाली की खाडीत सोडायची. आपला कटला असा फसत नाही, त्याला इंजेक्शनच द्यावं लागतं. डॉ. हिरालाल चौधुरींनी १९५७ साली ओडिशात ते जमवून दाखवलं, म्हणून १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन. धरणाच्या साचलेल्या पाण्यात कटला, रोहू, मृगळ नीट वीत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळं बीज बाहेरून आणून सोडण्यावाचून गत्यंतर नाही.

बीज सोडताना एकदा बघायलाच हवं. ऑक्सिजन भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या येतात. त्या लगेच फोडायच्या नाहीत. तोंड बांधलेल्या तशाच पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्यायच्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार होईतो. मग गाठ सोडून धरणाचं थोडं पाणी आत घ्यायचं, आणि पिल्लं आपली आपण बाहेर पडतात. मोजणी जाळीच्या वाटीनं. एका वाटीत किती बसतात ते एकदा मोजायचं, पुढं नुसत्या वाट्या. ‘वाटी शिगोशिग भरा’ यावरून जी हुज्जत चालते, ती भाजीबाजारातही ऐकायला मिळायची नाही.

पण खरी मेख आकारात आहे. नखाएवढं बीज सोडलं तर मरळ आणि वाम यांची मेजवानी होते. नॉर्वेत फ्लोडेव्हिगेनला १८८० च्या दशकापासून कॉड माशाची नुकती फुटलेली पिल्लं समुद्रात सोडायचे. १९७१ पर्यंत हा खटाटोप चालला, आणि समुद्रातले मासे त्यामुळं वाढल्याचं काही सिद्ध झालं नाही. म्हणून डिंभ्यात मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या मदतीनं धरणातच पिंजरे लावले. त्यात बीज वाढवायचं, बोटुकली झाली की मोकळं सोडायचं.

आता तुला न आवडणारं. तुमचा रेडफिश नुसत्या बीजानं नाही सावरला. १९८१ मध्ये टेक्सासनं कायदाच केला, की रेडफिश विकायचा नाही. मासा हौशी गळवाल्यांचा झाला, आणि जाळ्यावर पोट असणारे बाजूला पडले. मासे वाढले हे खरं, रोज तीनच न्यायचे, तेही वीस ते अठ्ठावीस इंचांतले, हा नियमही चांगला. पण कुणाच्या ताटातून काढून कुणाला वाढलं, हे तुझ्या फोटोत दिसत नाही.

डिंभ्यात उलटं झालं. घोड नदी अडवली आणि ज्याच्या नावानं तालुका, ते जुनं आंबेगावच पाण्याखाली गेलं. महादेव कोळ्यांच्या जमिनी बुडाल्या. पुढं आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीनं लोकांनी दोन गोष्टी धरून ठेवल्या. पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीवरची गाळपेर, आणि धरणातल्या माशांवरचा हक्क. बुडीतग्रस्तांचीच मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली. ‘शाश्वत’ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. ज्याची जमीन गेली त्यालाच मासा मिळायला हवा, हे त्यांनी भांडून मिळवलं. आणि मासा आपला म्हटल्यावर बारीक आसाची जाळी टाकणाऱ्याला गावच अडवतं, साहेब लागत नाही.

आमचंही सगळं सोवळं आहे असं समजू नकोस. कटला-रोहू मूळचे गंगेकडचे, आपल्या भीमेच्या खोऱ्यातले नव्हेत. आणि आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ वळवणला, टाटांनी महसीरचं बीज काढलं. मोठं काम, या माशाला त्यानं जीवदान दिलं. पण तेच बीज कर्नाटकात कावेरीत गेलं, तिथल्या गळवाल्यांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तर आपला निळ्या पराचा महसीर वाढत गेलेला आणि कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महसीर घटत गेलेला. तो आज नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर आहे. हौसेपायी सोडलेला मासाही दुसऱ्याच्या घरात घुसतो, बघ.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. बीज किती लाख सोडलं हे आकडे सरकारला छापू दे. आपण दोन प्रश्न विचारावेत: या पाण्यात आधी कोण राहत होतं, आणि वाढलेला मासा कुणाच्या घरी जाणार? तुझ्या किनाऱ्यावर एखादा म्हातारा जाळेवाला भेटला तर १९८१ नंतर त्याचं काय झालं ते विचार आणि मला लिही.

दिवाळीला येशील तेव्हा डिंभ्याला जाऊ. गळ मात्र घरीच ठेव. काठावर संस्थेचा कटला विकत घेऊ, आणि भाव करायचा नाही, डॉलरवाल्यानं तर नाहीच नाही.

तुझा,
दिल्या