बिंदुनामावलीत नसलेलं पद

प्राध्यापकभरतीची जाहिरात आली की आपली पोरं आधी बिंदुनामावली काढून बसतात. कोणता बिंदू कोणाचा, अनुशेष किती, कुठली जागा गुपचूप खुली केली. हे काम आपण नीट शिकलोय, ते सुटता कामा नये. पण ज्या पदाची जाहिरातच निघत नाही, त्याची बिंदुनामावली कोण तपासणार? मी बोलतोय ते विद्यापीठं आणि विज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांसाठी आरोग्य व सुरक्षा व्यवस्थापक नेमण्याबद्दल.

काहीजण म्हणतील, अत्याचाराची प्रकरणं पडलीत, शिष्यवृत्त्या अडकल्यात आणि हा ॲसिडच्या बाटल्यांत कुठं शिरला? शिरलो, कारण त्या बाटल्या कोण उचलतो हे मला घरातूनच माहीत आहे. माझे वडील एका कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होते. (कॉलेज विश्रामबागचं नव्हे, सांगली जिल्ह्यातलंही नव्हे.) नायट्रिक ॲसिडनं त्यांच्या बोटांची टोकं कायम पिवळी असायची. खाकी शर्टाला बारीक भोकं पडलेली असायची आणि आईनं शर्ट धुतला की ती मोठी व्हायची. काचेची भांडी क्रोमिक ॲसिडमध्ये बुडवून ठेवायची, सकाळी हातानं काढायची, ही त्यांची रोजची सुरुवात. त्यातल्या क्रोमियमनं कर्करोग होतो हे पुस्तकात होतं. वडिलांना ते कोणी सांगितलं नव्हतं. हातमोजे होते, पण कपाटात, तपासणीची समिती येईल तेव्हासाठी. एप्रिल-मेमध्ये अमोनियाच्या बाटलीत दाब वाढतो, बूच काढताना तोंडावर फवारा येऊ शकतो. अशा वेळी प्राध्यापक चार पावलं मागं सरायचे आणि म्हणायचे, "ती तू उघड रे." वडील त्यांच्यापेक्षा वयानं मोठे होते. बेसिन तुंबलं की हाक पुन्हा त्यांनाच किंवा झाडूवाल्या मावशींना.

श्रमाची विभागणी वेगळी आणि श्रमिकांची वेगळी, हा फरक बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडला. तो मला आधी त्या बेसिनपाशी कळला, पुस्तकात नंतर.

आता कायदा बघू. कारखाना कायदा १९४८ च्या कलम ४०-ब नुसार हजार किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमावा लागायचा. २०२० च्या नव्या संहितेत ही मर्यादा ५०० कामगारांवर आली आहे, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० वर. म्हणजे कुपवाड एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्याला हा प्रश्न लागू. विश्रामबागेत मात्र १९१९ चं विलिंग्डन आहे, १९४७ चं वालचंद अभियांत्रिकी आहे, जत-आटपाडीपासूनची पोरं इथं विज्ञान शिकायला येतात. पण प्रयोगशाळा म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून तिथं असा अधिकारी नेमा असं कायदा सांगत नाही. दोष या एका-दोन कॉलेजांचा नाही, राज्यभर हीच पोकळी आहे. किरणोत्सारी साधन आणलं तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानं किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी लागतो. उंदरांवर प्रयोग करायचे तर नीती समिती लागते. उंदरासाठी समिती आहे, त्याचा पिंजरा धुणाऱ्यासाठी नाही.

आणि किरणोत्सर्गाचा नियम असूनही दिल्लीत काय झालं? दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षं पडून असलेलं कोबाल्ट-६० चं यंत्र २०१० मध्ये लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं. काही कामगार गंभीर आजारी पडले, एकजण मेला. ज्या यंत्रावर पदव्या मिळाल्या त्याचा किरणोत्सर्ग भंगार फोडणाऱ्याच्या अंगात गेला.

विद्यार्थी आणि संशोधकही सुटत नाहीत. २००८ च्या डिसेंबरात अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शेहरबानो संगजी ही २३ वर्षांची सहायक हवेत पेट घेणारं रसायन हाताळताना भाजली. अंगात स्वेटर होता, प्रयोगशाळेचा कोट नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. त्यानंतर तिथं प्राध्यापकावर फौजदारी खटला उभा राहिला. आपल्याकडे २०१८ च्या डिसेंबरात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या स्फोटात एक तरुण संशोधक मेला. चार दिवस बातम्या आल्या.

म्हणून मागणी एवढीच की पद निर्माण करा? नाही. इथं थांबलो तर आपणच फसू. माझा अंदाज आहे की उद्या दबाव आला तर एखाद्या कनिष्ठ प्राध्यापकाच्या गळ्यात "अतिरिक्त कार्यभार" अडकवतील, आणि हरित लेखापरीक्षणाच्या प्रमाणपत्राशेजारी सुरक्षेचंही एक टांगतील. नाहीतर कंत्राटी माणूस आणतील. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ कंपन्यांमार्फत भरतीचा शासननिर्णय निघाला आणि पोरं रस्त्यावर उतरल्यावर पुढच्या महिन्यात रद्द झाला, हे विसरू नका. अकरा महिन्यांच्या करारावरचा माणूस विभागप्रमुखाला "प्रयोग थांबवा" म्हणेल का?

सगळी मेख इथं आहे. सुरक्षा व्यवस्थापकाला प्रयोगशाळा बंद करण्याचा अधिकार हवा. त्यानं विभागप्रमुखाला नव्हे, थेट प्राचार्यांना किंवा कुलगुरूंना अहवाल द्यायला हवा. अपघाताची नोंदवही त्याच्या ताब्यात हवी. सोबतच्या समितीत परिचर आणि सफाई कामगार सह्या करण्यापुरते नकोत, बोलायला हवेत. पद कायम हवं आणि आरक्षणासह हवं.

पात्रता कोणती ठेवतात तेही वाचा. कारखान्यांसाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकीचं शिक्षण, पर्यवेक्षणाचा अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची पदविका मागतात, कामगारांची भाषाही यावी लागते. आपली कितीतरी बीएस्सी झालेली पोरं ही पदविका करून कुपवाडात नाहीतर आखातात नोकरी करतायत. ती इथं का चालू नयेत? जाहिरातीत "पीएचडीस प्राधान्य" आलं, की समजायचं दार कोणासाठी उघडलंय. उलट वीस वर्षं बाटल्या हाताळलेल्या आणि मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्या परिचराचा अनुभव धरला गेला पाहिजे. कुठली बाटली गळते हे त्याला ठाऊक असतं.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न येणारच. प्रत्येक कॉलेजला स्वतंत्र माणूस लागत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे येतात. विद्यापीठानं मुख्य व्यवस्थापक नेमावा, जिल्ह्याला एक अधिकारी द्यावा. सांगलीचं कार्यालय विश्रामबागेत बसलं तर अर्धी कॉलेजं हाकेच्या अंतरावर येतील. ही मागणी अधिसभेत मांडता येते. तिथं नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य निवडून जातात. आपल्यातल्या किती पदवीधरांनी नोंदणी केली आहे? भीमजयंतीच्या मंडळाची वर्गणी गोळा करायला घरोघर जातो, तेव्हा हा अर्जही सोबत नेता येईल.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा त्यांच्याच काळात कायद्यात आली. कामगाराचं शरीर ही मालकाच्या मर्जीची नव्हे, राज्याच्या जबाबदारीची गोष्ट आहे, असं ते राजकारण होतं. कॉलेजच्या फाटकाशी ते का अडावं?

तोवर माहिती अधिकार आहेच, अनुदानित कॉलेजांना तो लागू होतो. मी तीन प्रश्न लिहून ठेवलेत. गेल्या दहा वर्षांत प्रयोगशाळेत भाजलेल्या, जखमी झालेल्यांची नोंदवही आहे का? परिचर आणि सफाई कामगारांना हातमोजे, चष्मे, गमबूट शेवटचे कधी दिले, त्याची पावती द्या. मुदत संपलेली रसायनं कोणाच्या हातून, कुठं टाकली जातात? अर्जाला दहा रुपये लागतात.