रस्त्याची टोपी

दिवाळी सरते, पहाटे अंगावर शाल ओढावीशी वाटू लागते आणि महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांतून लोकरी कपड्यांच्या दुकानांची एक रांग उभी राहते. बांबूचा सांगाडा, वर ताडपत्री, आत रंगीबेरंगी स्वेटर, शाली, कानटोप्या. दुकानात बहुधा एखादी तिबेटी बाई बसलेली असते. 'ताई, घेऊ नका, नुसतं बघा तर खरं,' असे ती म्हणते आणि बघता बघता घरातल्या चौघांचे स्वेटर पिशवीत पडतात.

२०२० च्या हिवाळ्यात ही रांग बऱ्याच ठिकाणी लागलीच नाही. करोनामुळे मैदाने रिकामी राहिली आणि कुणाच्या फारसे लक्षातही आले नाही. ज्याच्या त्याच्यापुढे आपापली काळजी होती. पण पुण्यात वीस-बावीस हिवाळे काढलेल्या एका स्वेटरवाल्या मावशींना त्या वर्षी घरीच बसावे लागले. लुधियानाच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर माल उचलायचा, चार महिने विकायचा, उधारी फेडून उरेल त्यात वर्ष काढायचे, हा त्यांचा हिशेब. तो हिशेबच मोडला. त्यांचे घर आहे बैलकुप्पे येथे.

बैलकुप्पे हे म्हैसूर जिल्ह्यातल्या पिरियापट्टण तालुक्यातले गाव. म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ८० किलोमीटर गेले की ते लागते. पुढे कावेरी ओलांडली की कोडगू जिल्ह्यातले कुशालनगर. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. त्यांना जमीन द्यावी, असे आवाहन पंडित नेहरूंनी राज्यांना केले. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने त्याला प्रतिसाद दिला आणि १९६०-६१ मध्ये येथे पहिली वसाहत झाली. जंगल तोडून, हत्तींशी झुंजत या लोकांनी मक्याची शेती उभी केली. १९६९ मध्ये शेजारी दुसरी वसाहत वसली. सेरा मठ आला. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या नामड्रोलिंग मठाचे सुवर्णमंदिर १९९९ मध्ये पूर्ण झाले आणि कुर्गला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या इकडे वळू लागल्या. आपल्या गोंदिया जिल्ह्यातही नॉर्ग्येलिंग नावाची अशीच एक तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मावशींचा जन्म बैलकुप्प्याचाच. कन्नड त्यांना शेजाऱ्यांनी शिकवली, मराठी पुण्यातल्या गिऱ्हाइकांनी. तिबेट त्यांनी कधी पाहिलेला नाही. तरीही त्यांच्या पेटीत जपून ठेवलेला कागद त्यांना परदेशी म्हणूनच ओळखतो. भारतात जन्मलेल्या कित्येक तिबेट्यांजवळही हे नोंदणीपत्र असते आणि ठराविक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागते. साठ वर्षे राहूनही पाहुणेच! पाहुण्याने कसे वागावे, हे अशा घरातल्या मुलांना लहानपणापासून शिकवले जाते. भांडायचे नाही. नियम मोडायचा नाही. कागद हरवायचा नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा हीच शिकवण कामाला आली. सुवर्णमंदिराचे दरवाजे पर्यटकांसाठी बंद झाले. मठांतले भिक्षू आत राहिले. मावशींचा भाचा त्यांच्यापैकीच एक. हाकेच्या अंतरावर असूनही त्याची भेट फोनवरच. मास्क नसेल तर दुकानदार मीठही देत नसे आणि त्याचा कुणाला राग येत नसे. 'आपल्यामुळे गावात रोग आला, असं कुणी म्हणायला नको,' एवढे एकच वाक्य घराघरांत पुरेसे होते. ६ मार्च २०२१ रोजी दलाई लामांनी धर्मशाळेत लस घेतली. त्यांचे छायाचित्र मोबाइलवर पाहून मावशींची ऐंशीच्या घरातली आई स्वतःहून म्हणाली, 'आता माझी पाळी कधी?'

टाळेबंदीत आणखी एक गोष्ट घडली. महामार्ग गप्प झाला. एरवी हातात प्रार्थनाचक्र घेतलेल्या म्हाताऱ्या रस्ता ओलांडण्यासाठी दहा-दहा मिनिटे ताटकळत उभ्या असत. गाड्यांच्या रांगेत फट सापडली की पदर सावरत, जीव मुठीत धरून त्या पळत. त्या दोन महिन्यांत त्या रस्त्याच्या मधोमध थांबून गप्पा मारू लागल्या. आजीबाई म्हणाल्या, 'साठ वर्षांपूर्वी असाच होता हा रस्ता.'

पुढे टाळेबंदी उठली, पुन्हा आली, पुन्हा उठली. कोंडलेली माणसे डोंगराकडे धावली. महामार्गावर गाड्यांची रीघ लागली.

नोव्हेंबर २०२१ मधली संध्याकाळ. मावशींचा तेवीस वर्षांचा मुलगा आजीची औषधे आणायला कुशालनगरला गेला होता. जाऊन-येऊन फार तर बारा किलोमीटर. परतताना त्याने वसाहतीकडे वळण्यासाठी स्कूटरचा वेग कमी केला. त्याच वेळी मागची मोटार दुसऱ्या गाडीला ओलांडून पुढे आली. धक्का ओझरताच लागला, पण तो उडाला आणि डोके डांबरावर आपटले.

आले भरून निघालेल्या एका टेम्पोच्या चालकाने टेम्पो आडवा लावला, मागची वाहने थांबवली आणि १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका येईपर्यंत तो पोराच्या डोक्याशी बसून होता. मावशी धावत पोहोचल्या तेव्हा मुलाचा मास्क एका कानाला लटकत होता. स्कूटर रस्त्याकडेला पडली होती. हेल्मेट तिच्या पुढच्या हुकला तसेच अडकलेले होते. त्यावर एक ओरखडाही नव्हता.

म्हैसूरच्या रुग्णालयात एकवीस दिवस गेले. पहिल्या रात्री फॉर्मवरचा 'राष्ट्रीयत्व' हा रकाना बघून मावशींचा हात थांबला. पेटीतला कागद घरी राहिला होता. तो कोण आणणार, पैसे कुठून उभे करायचे, डॉक्टर इंग्रजीत काय म्हणाले हे कोण सांगणार? परक्या देशात आजारी पडणे म्हणजे काय, हे त्यांना जन्मगावापासून ८० किलोमीटरवर कळले. शेवटी वसाहतीतल्या माणसांनी वर्गणी काढली. कन्नड शेजारीण दोन दिवस सोबतीला येऊन राहिली.

मुलगा वाचला. पण त्याला वास येणे बंद झाले. डोक्याला जबर मार लागला की वासाची नाजूक मज्जा कधी कधी तुटते आणि ती परत जुळेलच असे नाही. लोक विचारत, 'करोना झाला होता का?' प्रत्येक वेळी मावशींना उत्तर द्यावे लागे, 'नाही हो. करोना आम्ही होऊ दिला नाही.'

हे बोलताना त्यांचे त्यांनाच चमकल्यासारखे झाले. ज्या रोगाला घाबरलो, त्याला दारात उभे केले नाही. मग जो धोका जन्मभर दारासमोरून धावतो, त्याला कसे विसरलो?

ही विस्मृती बैलकुप्प्यापुरती नाही. २०१९ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ५१ हजारांहून अधिक माणसे मेली. २०२० मध्ये दोन महिने रस्ते जवळजवळ बंद होते, तरी हा आकडा १ लाख ३१ हजारांवर राहिला. त्याच वर्षी सरकारी नोंदीनुसार करोनाने सुमारे १ लाख ४९ हजार माणसे नेली. दोन्ही आकडे किती जवळचे! एकासाठी सारा देश घरात बसला. दुसऱ्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली. २०२२ मध्ये रस्त्यावरच्या मृत्यूंची संख्या १ लाख ६८ हजारांवर गेली.

बौद्धबहुल थायलंडमध्येही हेच. दुचाकींच्या या देशात रस्त्यावर मरणाऱ्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश माणसे दुचाकी-तिचाकीवरची असतात. सोंगक्रान या नववर्षाच्या सणाच्या दिवसांना तिथले सरकारच 'सात धोक्याचे दिवस' म्हणते. एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे ती सुट्टी पुढे ढकलली गेली, बाहेरून येणारी प्रवासी विमाने थांबली. नोकरीनिमित्त तिथे राहणारे परदेशी लोक मायदेशाची वाट बघत अडकून पडले. आजाराच्या भीतीने सारे सावध झाले. पण परवाना नसताना स्कूटर चालवली तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते, याची आठवण किती जणांना राहते? घरापासून दूर असलेल्या माणसाला अपघात दुप्पट महाग पडतो, मग तो बँकॉकमध्ये असो की बैलकुप्प्यात. आणि पुण्यात शिकायला आलेला लातूरचा मुलगा तरी त्या शहरात दुसरा कोण असतो?

भीतीचे असेच असते. नवा शत्रू आला की माणूस खडबडून जागा होतो. रोजचा शत्रू ओळखीचा वाटू लागतो. 'इथेच तर जायचंय' हे वाक्य प्रत्येक घरात रोज म्हटले जाते. मावशींच्या मुलानेही निघताना तेच म्हटले होते.

शिवाय मास्क हा सगळ्यांचा नियम होता. हेल्मेट मात्र ज्याचे त्याने बघायचे, असे आपण ठरवून टाकले आहे. मावशींनी तेच बदलायचे ठरवले. गल्लीतल्या बायकांना त्यांनी गोळा केले. हेल्मेट नसलेल्याला दुकानातून सामान द्यायचे नाही, घरच्या पोराला किल्ली द्यायची नाही. सगळ्यांनी ऐकले असे नाही. भिक्षूही स्कूटर चालवतात. 'मुंडण केलेल्या डोक्याला हेल्मेट कशाला?' असे एकाने हसून विचारले. कायद्यात सूट आहे ती पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना, हे त्याला भाच्याने ऐकवले. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका जवळजवळ ७० टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरातल्या अभ्यासांचे सार आहे. पट्टा हनुवटीखाली आवळलेला असला तरच त्याचा उपयोग.

म्हाताऱ्यांना त्यांनी एक साधी गोष्ट शिकवली. पदपथ नसेल तिथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, म्हणजे उजव्या कडेने चालायचे आणि संध्याकाळी अंगावर फिकट रंगाचे कापड घ्यायचे. आजीबाईंना हे लगेच पटले. मंदिराची प्रदक्षिणा सगळे एकाच दिशेने घालतात. तिथे पोलीस नसतो, शिट्टी नसते, तरी शेकडो माणसांत कुणी कुणावर आदळत नाही. आजीबाई म्हणाल्या, 'देवाभोवती नियम पाळतो, मग रस्त्यावर का नाही?'

आणि त्या टेम्पोवाल्याची गोष्ट मावशी सगळ्यांना सांगतात. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. 'त्या दिवशी हे असतं,' एवढेच म्हणून मावशी थांबतात.

आता पुण्यात त्यांचे दुकान पुन्हा लागते. गेल्या हिवाळ्यात एक तरुण आई स्कूटरवरून आली. पुढे पाच-सहा वर्षांची मुलगी उभी होती. आईने घासाघीस करून मुलीसाठी गुलाबी कानटोपी घेतली, लगेच तिच्या डोक्यावर घातली आणि स्कूटर सुरू केली. मावशी उठून बाहेर आल्या.

'ताई, ही थंडीची टोपी झाली. रस्त्याची टोपी कुठे आहे?'

ती बाई आधी गोंधळली. मग ओशाळून म्हणाली, 'इथेच तर जायचंय, मावशी.'

मावशींनी मुलीच्या कानावरची लोकर नीट केली. 'माझा मुलगापण इथेच जात होता,' त्या म्हणाल्या.

बाईने स्कूटर बंद केली. मुलीला खाली उतरवून तिचा हात धरला आणि दोघी समोरच्या हेल्मेटच्या दुकानाकडे चालू लागल्या. चार वर्षांवरील मुलांनाही हेल्मेट सक्तीचे आहे, हे दुकानदाराने त्यांना सांगितले असेलच. रस्ता ओलांडताना दोघींनी दोन्हीकडे पाहिले. त्या पलीकडे पोहोचेपर्यंत मावशी दुकानाबाहेरच उभ्या होत्या.