यंत्राला सगळं सांगावं लागतं

विमान चालवणं म्हणजे दांडी हातात धरून बसणं, असं लांबून वाटतं. एअरबस ए-320च्या कॉकपिटमध्ये बसलं की, मग ते घरातल्या संगणकावरचं का असेना, आधी गाठ पडते ती उजव्या हाताशी असलेल्या एका लहानशा पडद्याशी आणि त्याखालच्या अक्षरांच्या कळांशी. एमसीडीयू म्हणतात त्याला. कुठून निघायचं, कुठे उतरायचं, किती उंचीवरून जायचं, टाकीत इंधन किती, माणसं आणि सामान धरून वजन किती, वाटेत कोणते बिंदू लागणार, हे सगळं आधी इथे भरायचं. विमान जागचं तसूभरही हललेलं नसतं आणि प्रवास मात्र शेवटच्या वळणापर्यंत सांगून झालेला असतो. सिम्युलेटरच्या छंदात मला सगळ्यांत प्रिय असलेला भाग हाच आहे. ढग आणि सूर्यास्त नंतर आहेतच.

आम्हा पनवेलकरांना या पडद्यावर सुरुवातीची जागा म्हणून वर्षानुवर्षं व्हीएबीबी, म्हणजे सांताक्रूझ, टाइप करावं लागायचं. 25 डिसेंबर 2025 रोजी बेंगळुरूहून आलेलं इंडिगोचं विमान नवी मुंबई विमानतळावर उतरलं आणि इथली प्रवासी वाहतूक सुरू झाली. आता पहिल्याच पानावर व्हीएएनएम लिहिता येतं. विमानांच्या संगणकांतली मार्गांची माहिती जगभर दर 28 दिवसांनी बदलली जाते. सिम्युलेटरवाले तीच माहिती घरी उतरवून घेतात. अशाच एका फेऱ्यात पनवेल तालुक्याच्या मातीला चार अक्षरं मिळाली. ती टाइप करून पुढे तिरकी रेघ आणि बेंगळुरूचं व्हीओबीएल लिहिताना मला जो आनंद होतो, तो मी लपवणार नाही.

त्यानंतर विमानाला त्याचं स्थान कळावं लागतं. अंदाजे 18 अंश 59 मिनिटं उत्तर, 73 अंश 4 मिनिटं पूर्व. अक्षांश-रेखांश आपण देतो, पण उत्तर कुठे आहे ते विमान स्वतः शोधतं, आणि कसं शोधतं ते समजलं तेव्हा मी खुर्चीतून उठून गच्चीवर गेलो होतो. त्याच्या पोटात लेझरवर चालणाऱ्या जायरोंचे तीन संच असतात. विमान निश्चल उभं असताना या जायरोंना एकच फिरणं जाणवतं, ते पृथ्वीचं, तासाला 15 अंश. त्या फिरण्यावरून ते उत्तर दिशा काढतात. याला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात विमान हलता कामा नये. सिम्युलेटरमध्ये ही मिनिटं एका बटणात उरकण्याची सोय आहे. ती वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पनवेलच्या जमिनीवर उभं राहून एखादं यंत्र पृथ्वी फिरताना अनुभवतंय, हे बघायला एवढा वेळ काढायलाच हवा.

मग मार्ग. आकडा किंवा अक्षरं आधी पडद्याच्या तळच्या ओळीत उमटतात. तिथे ती वाचायची, बरोबर वाटली तर बाजूची कळ दाबून वर आपल्या जागी न्यायची. ही तळची ओळ मला फार शहाणपणाची वाटते. बोलण्याआधी शब्द ओठांवर थांबवावा तशी ती आहे. रंगांचीही एक शिस्त आहे. नारिंगी चौकटी म्हणजे हे भरल्याशिवाय गत्यंतर नाही. निळं ते बदलता येणारं. मार्गात फेरफार केला की तो आधी पिवळ्या रेषेत दिसतो आणि ‘इन्सर्ट’ म्हटल्याखेरीज लागू होत नाही. दोन बिंदूंमध्ये दुवा नसेल तर संगणक तिथे मार्ग खंडित असल्याची ओळ दाखवतो. ती तशीच राहिली तर विमान त्या जागी पोचल्यावर वळत नाही, धरलेल्या दिशेनं सरळ जात राहतं. म्हणून मी यादी वरून खालपर्यंत एकेक बिंदू मोठ्यानं वाचत जातो. खरे वैमानिकही ती नकाशाशी ताडून पाहतात, आणि एकानं भरलेलं दुसऱ्यानं तपासायचं असतं.

उड्डाणानंतर ऑटोपायलट लावला की हात मोकळे होतात. काचेखालच्या पट्टीवर वेग, दिशा, उंची आणि चढ-उताराचा दर यांची चार बटणं ओळीनं असतात. एअरबसवाल्यांनी इथे एक सुंदर युक्ती केली आहे. वेगाचं किंवा दिशेचं बटण आत ढकललं की कारभार संगणकाकडे, म्हणजे मघाशी भरलेल्या मार्गाप्रमाणे. स्वतःकडे ओढलं की आपण फिरवू तो आकडा खरा. देणं आणि परत घेणं बोटांनाच कळतं. पण विमान या घटकेला नेमकं कशाच्या हुकमात आहे, हे बटणाकडे बघून ठरवायचं नसतं. ते समोरच्या पडद्याच्या माथ्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि बदल झाला की तेही मोठ्यानं वाचायचं असतं.

या वाचण्याची किंमत आपल्याकडे फार जबर मोजली गेली आहे. 14 फेब्रुवारी 1990. मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं 605 क्रमांकाचं विमान, नवंकोरं ए-320, बेंगळुरूला उतरता उतरता धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर कोसळलं. 146 जणांपैकी 92 गेले. शेवटच्या टप्प्यात विमान अशा रीतीत गेलं होतं, जिथे इंजिनं अगदी मंद ठेवून नुसतं खाली यायचं असतं. वेग घटत गेला आणि ते उशिरा ध्यानात आलं. चौकशीत पुढे आलेली एक शक्यता अशी, की मिनिटाला 700 फूट हा उतरण्याचा दर लावायचा होता आणि 700 फूट ही उंची लावली गेली. आकडा तोच. दोन्ही बटणं शेजारी शेजारी. माथ्यावरच्या अक्षरांनी मात्र नक्की काय लागलंय ते सांगितलं होतं.

20 डिसेंबर 1995 ला कोलंबियातल्या काली शहराकडे उतरणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग 757 चं असंच झालं. ‘रोझो’ नावाच्या खुणेकडे जायचं म्हणून संगणकात ‘आर’ हे एकच अक्षर टाकलं गेलं. संगणकाच्या यादीत त्या अक्षरावर पहिली होती बोगोटाजवळची ‘रोमिओ’. विमान मुकाट्यानं तिकडे वळलं. अंधार होता, मध्ये डोंगर होता. 163 पैकी चौघं वाचले.

संगणकानं दोन्ही ठिकाणी सांगितलेलंच केलं. त्याच्यापाशी बिंदू असतात, उंची असते, दर असतो. मार्ग आखणाऱ्या या पेटीला डोंगर दिसत नाही. जमिनीचा इशारा देणारं वेगळं यंत्र विमानात असतं, पण ते ओरडतं तेव्हा वेळ थोडा उरलेला असतो. म्हणून खालची जमीन आपल्या डोक्यात असली पाहिजे, आणि इथेच पनवेलच्या माणसाला मोठी मजा आहे. नव्या विमानतळाच्या धावपट्टीची लांबी 3,700 मीटर, नाव 08/26. 26 म्हणजे खाडी आणि मुंबईकडे तोंड. 08 म्हणजे पूर्वेला, पनवेल शहर आणि त्यामागे प्रबळगड-माथेरानची रांग. तीन अंशांचा नेहमीचा उतार धरला तर धावपट्टीपासून 20 किलोमीटरवर विमान सुमारे 1,050 मीटर उंच असतं; माथेरान 800 मीटर. हा हिशेब कागदावरचा आहे, खऱ्या वाटा अधिकृत नकाशे ठरवतात. पण तो एकदा मांडला की पूर्वेचे डोंगर यादीतल्या बिंदूंमागे उभे राहतात आणि उंचीचा आकडा भरताना बोट आपोआप थबकतं.

आणि एक टेकडी अशी आहे, जी आता जमिनीवर नाही. उलव्याची, सुमारे 90 मीटरची. विमानतळासाठी ती सुरुंग लावून उतरवली, उलवे नदीचं पात्र वळवलं, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावं उठली. हा शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचा मुलूख; जमिनीच्या हक्कासाठी 1984 च्या जानेवारीत जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. यातलं काही एमसीडीयूत भरता येत नाही.

टेकडी मात्र एका ठिकाणी शिल्लक आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ हे अंतराळयान 11 दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि रडारनं जमिनीच्या उंच-सखलपणाची मोजणी करून आलं. फ्लाइटगिअर या मोफत सिम्युलेटरची जमीन बऱ्याच अंशी त्या मोजणीवर उभी आहे. तेव्हा उलव्यात सुरुंग लागले नव्हते. त्यामुळे जिथे नवा विमानतळ अजून बसवलेला नाही, अशा जुन्या फायलीत टेकडी आपल्या जागी आहे.

सिम्युलेटर चालवणाऱ्या पनवेल, उलवे, उरणकडच्या मंडळींना माझं एक सांगणं आहे. नवा विमानतळ जरूर उतरवून घ्या आणि व्हीएएनएम टाइप करा. पण त्याआधी रायगडची जुनी जमीन एका वेगळ्या फोल्डरमध्ये नक्कल करून ठेवा, त्यावर तारीख घाला, आणि उठलेल्या गावांतलं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना एकदा त्या टेकडीवरून फिरवून आणा.