किती ओळी वाढतील?

आमच्या दादाच्या डोळ्यांचं भविष्य २००२ साली डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगून टाकलं होतं. मधलं दिसणं जाईल, कडेचं राहील, पूर्ण अंधार होणार नाही. गळणाऱ्या रक्तवाहिन्या लेझरने जाळता येतात, पण बरोबर तिथला पडदाही जळतो, म्हणून लेझरच्या भरीला पडू नका असंही म्हणाले. पुढे सगळं अगदी तसंच झालं. दादा घरात न धडपडता फिरायचा, ताटातली चटणी त्याला बरोबर सापडायची, पण समोर कोण बसलंय हे मात्र आवाजावरून ओळखायचा.

तोच आजार बहात्तराव्या वर्षी मला झाला, उजव्या डोळ्यात. डावा लहानपणापासून आळशी, त्यामुळे वाचनाचा सगळा भार उजव्यावरच. सकाळी पेपर उघडला तर शिरोरेघ नागमोडी. बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांना बाक आलेला. दुसऱ्या दिवशी शब्दाच्या मधलं अक्षर गायब. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं, त्यामुळे हे काहीतरी निराळं आहे हे कळलं, आणि दादामुळे काय असेल तेही कळलं. सून म्हणाली, "आई, चष्म्याच्या दुकानात नको, सरळ मिरजेला जाऊ."

तिथले डॉक्टर तरुण, पडद्याचे. मी शिक्षिका होते हे कळल्यापासून मला बाईच म्हणतात. ओसीटीचा, म्हणजे पडद्याच्या थरांचा, फोटो दाखवून त्यांनी समजावलं. पडद्याच्या मधोमध मॅक्युला, बारीक दिसणं तिथलं. त्याच्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवल्यात आणि त्या गळतायत. शरीरातच तयार होणारं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन त्यांना वाढवतं. डोळ्यात इंजेक्शन देऊन त्या प्रथिनाला अडवायचं.

"किती दिसेल?" मी विचारलं.

"आज नाही सांगता येणार, बाई. तीन इंजेक्शनं होऊ देत, मग थोडं सांगेन."

सगळी नोकरी मी गणित शिकवलं. रीत न दाखवता 'अंदाजे' लिहिलं की गुण कापायचे, हा माझा खाक्या. तेव्हा मी त्यांना सोडलं नाही. आकडे तर असतील ना? त्यांनी लेटरहेडच्या मागे लिहून दिले. २००६ साली छापून आलेली मरीना नावाची अमेरिकन चाचणी, ७१६ रुग्ण. वर्षभर दर महिन्याला रॅनिबिझुमॅब या औषधाचं असं इंजेक्शन घेतलेल्यांना तक्त्यावरची सरासरी सात अक्षरं जास्त वाचता आली. ज्यांना औषध मिळालं नाही त्यांची दहा अक्षरं गेली. त्या तक्त्यावर एका ओळीत पाच अक्षरं. पूर्ण मात्रा घेतलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना तीन ओळी किंवा त्याहून जास्त फायदा झाला.

सरासरी सात, म्हणजे कुणाची वीस वाढली आणि कुणाची उलट कमी झाली. माझं काय? तर वय जितकं जास्त, पडद्यावरचा डाग जितका मोठा, तितकी आशा कमी. आणि सर्वांत मोठी गोष्ट, पहिलं इंजेक्शन घेताना नजर किती आहे ती. इथे मात्र गंमत आहे. सुरुवातीला ज्याला कमी दिसतं त्याची अक्षरं जास्त वाढतात, पण शेवटी जास्त दिसतं ते आधीपासून ज्याला बरं दिसत होतं त्यालाच. माझ्या वर्गात पस्तीसवरून पंचावन्नवर गेलेल्या पोराचं कौतुक व्हायचं, पंच्याऐंशीवरून अठ्ठ्याऐंशीवर गेलेल्याचं नाही. पण पुढे प्रवेश अठ्ठ्याऐंशीवाल्यालाच मिळायचा. 'इतक्या टक्के रुग्णांना सुधारणा' असं कुणी सांगितलं की मी आता आधी विचारते, सुरुवात कुठून होती?

माझी सुरुवात ६/३६ होती. म्हणजे निरोगी डोळ्याला छत्तीस मीटरवरून दिसेल ते मला सहा मीटरवरून.

औषध कुठलं घ्यायचं यावर घरात चर्चासत्र झालं. अव्हास्टिन हे मुळात आतड्याच्या कॅन्सरचं औषध. मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी ते २००५ साली डोळ्यात देऊन पाहिलं आणि स्वस्तातला मार्ग जगाला मिळाला. २०११च्या कॅट चाचणीत ते महागड्या ल्युसेंटिसच्या, म्हणजे मूळ रॅनिबिझुमॅबच्या, जवळजवळ बरोबरीने उतरलं. शिवाय २०१५पासून आपल्याकडे रॅनिबिझुमॅबचा देशी बायोसिमिलरही मिळतो. आम्ही तो घेतला. मेडिक्लेमवाल्यांनी ॲडमिशन चोवीस तासांची नाही म्हणून आधी तोंड फिरवलं, मग नियमावर बोट ठेवल्यावर थोडे पैसे दिले. तो वेगळाच ताप.

इंजेक्शनची भीती वाटते तेवढं ते दुखत नाही. बधिर करायचे थेंब, बीटाडीन, पापण्या उघड्या ठेवणारी क्लिप, "वर बघा, बाई", आणि डोळ्यावर दाब आल्यासारखं वाटतं. बीटाडीनची चुरचुर मात्र रात्रीपर्यंत छळते. एखादा काळा गोल बुडबुडा खालच्या बाजूला तरंगतो आणि विरून जातो. काही दिवस डोक्यावरून आंघोळ नाही.

तिसऱ्यानंतर ओसीटी काढला. डॉक्टर खूश. गळून साचलेलं सगळं पाणी आटलेलं, पडदा सपाट. आणि तक्त्यावर मी पोचले ६/१८ला. दोन ओळी. पेपरचे मथळे वाचता येऊ लागले, खालची बातमी नाही. फोटो एवढा स्वच्छ आणि नजर एवढीच, हे मला पटेना. त्यांनी फोटोतली एक पातळ पांढरी रेघ दाखवली. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची ती रेघ, आणि माझी मध्यावर तुटलेली. पाणी काढता येतं, पण त्या पाण्यात मेलेल्या पेशी परत उगवत नाहीत.

दवाखान्यात बाकावर शेजारी जयसिंगपूरचे एक आजोबा असायचे. त्यांच्या डोळ्यात अजून पाणी होतं, आणि ते खुशाल पंचांग वाचायचे! मला जरा रागच आला. पण त्यांचं पाणी पडद्याच्या खाली, माझं पडद्याच्या आत होतं. आतलं जास्त वाईट. खालचं थोडं राहिलं तरी दोन वर्षांनी नजरेत फारसा फरक पडत नाही, असं २०१९ साली ऑस्ट्रेलियातल्या फ्लुइड नावाच्या चाचणीत दिसलं. म्हणजे फोटोत पाणी किती हेच नुसतं मोजून भागत नाही, ते कुठे आहे हेही बघावं लागतं.

एक भविष्य डॉक्टरांनी मी न विचारता सांगितलं. नजर कमी झाली की कधीकधी नसलेलं दिसतं, फुलं, नक्षी, माणसं. घाबरू नका, डोकं ठीक असतं. याला शार्ल बोने याचं नाव आहे, त्याने आपल्या आजोबांची हकीकत १७६०मध्ये लिहिली. मला अजून काही दिसलं नाही. पण दादा भिंतीवर वेल दिसते म्हणायचा, आणि आम्ही त्याला मानसोपचारवाल्यांकडे नेलं होतं. तेव्हाच्या त्या दोन मिनिटांच्या पक्क्या भविष्यात एवढं एक वाक्य असतं तर बरं झालं असतं. तेव्हाच्या डॉक्टरांना इतकं खात्रीने बोलता आलं, कारण हातात करण्यासारखं फारसं काही नव्हतं. आता करण्यासारखं आहे म्हणूनच सांगणं अवघड झालंय, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही.

कॅट चाचणीतल्या लोकांना पाच वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा निम्म्यांची नजर ६/१२ किंवा त्याहून चांगली होती, आणि पाचातल्या एकाची ६/६० किंवा त्याहून वाईट. मी सध्या या दोन्हींच्या मधे आहे. बातमी भिंगाने वाचते, शब्दकोडं नातू वाचून दाखवतो, मोबाइलवर अक्षरं फुगवून घेते.

आता दर महिन्याला जावं लागत नाही. पडदा कोरडा राहिला की डॉक्टर पुढची तारीख दोन आठवड्यांनी लांबवतात. खरं तर तेही एक भविष्यच, आणि ते पुढच्या फोटोत तपासून मिळतं. आठ आठवडे जमले, दहाला पाणी परत आलं, पुन्हा आठवर आलो. परवा मीच विचारलं, परत दहा करून बघायचं का? "दिवाळीनंतर बघू," म्हणाले. तोवर मेडिक्लेमचं रिन्यूअलही आहे, त्यातली मर्यादा वाढवून मिळते का ते सुनेने विचारून ठेवलंय.