पत्ता उजवीकडून वाचा

2025 च्या नोव्हेंबरात धुळ्याहून अब्बांचा फोन आला. "बँकेचा पत्ता बदललाय. शेवटी डॉट कॉम नाही, भलतंच काहीतरी येतंय. मी पासवर्ड टाकलाच नाही."

मला त्यांचं कौतुक वाटलं. पत्ता जरा जरी वेगळा दिसला तरी हात लावू नका, हे मीच त्यांना बजावलं होतं. त्यांची पेन्शन त्याच खात्यात येते. पण या वेळी नवा पत्ता खरा होता.

31 ऑक्टोबर 2025 पर्यंत सगळ्या बँकांनी आपलं संकेतस्थळ 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर न्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. मोठ्या सरकारी बँका असोत की जळगाव-धुळ्याच्या सहकारी बँका, नियम सगळ्यांना एकच. हा शेवट बाजारात कुणालाही विकत मिळत नाही. हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था तो देते, आणि फक्त बँकांना देते. डॉट कॉम मात्र कुणीही घेऊ शकतो, भामटासुद्धा.

अब्बांनी लगेच विचारलं, "मग भामट्याने 'बँक डॉट इन' पत्त्याच्या सुरुवातीला लिहिलं तर?"

प्रश्न अगदी नेमका होता. तसं करता येतं. म्हणून पत्त्यातली पहिली तिरकी रेघ शोधायची, आणि तिच्या आधीचा भाग शेवटाकडून मागे वाचायचा. मालक तिथे कळतो. डावीकडे कुणी काहीही लिहू शकतं.

अब्बा उर्दू शाळेत शिक्षक होते. म्हणाले, "म्हणजे उजवीकडून डावीकडे. हे तर मी आयुष्यभर शिकवलं."

पुढच्याच आठवड्यात जळगावला मामेभावाकडे गेलो. त्याचा केळीच्या वेफर्सचा धंदा आहे. हवं ते नाव डॉट कॉममध्ये आधीच गेलेलं, म्हणून त्याने डॉट शॉप घेतलं. पहिल्या वर्षी अगदी स्वस्त मिळालं, नूतनीकरणाचं बिल मात्र कित्येक पट आलं. शिवाय गिऱ्हाईक सवयीने डॉट कॉम टाइप करतं आणि दुसऱ्याच्याच दारात जातं. 2014 पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही मिळतं. त्याला ते आवडलं होतं, पण तसा ई-मेल पत्ता कितीतरी फॉर्म अजून स्वीकारतच नाहीत.

तो म्हणाला, "बँकेच्या मागे रिझर्व्ह बँक उभी आहे. माझ्या मागे कोण?"

याचं सोपं उत्तर माझ्याकडे नव्हतं. छोट्या दुकानदाराच्या पत्त्याला कुणी जामीन राहत नाही. डॉट शॉप काय, डॉट इन काय, पैसे भरले की मिळतं. त्याची खातरजमा गिऱ्हाइकाला दुसरीकडूनच करावी लागते: पाकिटावरचा अन्न परवान्याचा नंबर, दुकानाचा पत्ता, उचलला जाणारा फोन. शेवटी त्याने साधं डॉट इन घेतलं, कमी चुकतं म्हणून. जुना पत्ताही वर्षभर चालू ठेवला, नव्याकडे वळवून. सोडलेला पत्ता उद्या दुसरा कुणी घेईल आणि याच्या नावावर लोकांना फसवेल, ही भीती खरी आहे. नवा पत्ता त्याने पाकिटांवर मोठ्या अक्षरांत छापला.

अब्बा आता मोबाइलवर बोट ठेवून पत्ता मागून वाचतात. परवा त्यांनी शेजारच्या चाचांना आलेली एक लिंक अशीच वाचून बंद करायला लावली.