हाकेला ओ

कल्याण-ठाण्याकडच्या माणसाला आगगाडीखेरीज दुसरी उपमा सुचत नाही, अशी आमची थट्टा होते. ती खोटी नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला पोचली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला गेली, आणि तेव्हापासून आमची गावे रुळांच्या कडेकडेने वाढत आली. गर्दीने जीव गुदमरला की आम्ही ओरडतो. ओरडून घसा बसला की केव्हातरी नवा मार्ग पडतो. १९१६ साली पारसिकचा बोगदा झाला, २०२२ साली ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका आली. मधल्या काळात आम्ही दारात लोंबकळत होतो!

शरीराचा कारभार याहून चोख आहे. एखाद्या भागाला प्राणवायू कमी पडू लागला की तिथल्या पेशी अर्ज-विनंत्या करीत बसत नाहीत. त्या एक प्रथिन तयार करून बाहेर सोडतात. जवळच्या रक्तवाहिनीला ती हाक पोचते, तिच्या अस्तरातल्या पेशी जाग्या होतात आणि हाकेच्या दिशेने नवा फाटा फुटतो. या प्रथिनाचे नाव ‘व्हॅस्क्युलर एंडोथेलियल ग्रोथ फॅक्टर’. शास्त्रज्ञ ‘व्हीईजीएफ’ म्हणून भागवतात. मी नुसते ‘हाक’ म्हणतो. आईच्या पोटात आपले रक्ताचे जाळे विणले जाते ते याच हाकेवर. उंदरांत या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी निकामी केली तरी गर्भ जगत नाही, असे १९९६ साली दिसून आले. पुढे आयुष्यभर जखमा भरतात, त्यांतही याचा हात असतो.

मला हे ज्ञान झाले ते आमच्या आईमुळे. डोंबिवलीत आमच्या दाराशी दिवाळीचे चारही दिवस ठिपक्यांची रांगोळी पडते, आणि ती आईच काढते. तिकडे फडके रोडवर तरुण मंडळींची गर्दी उसळलेली असते, तेव्हा इकडे ही अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई पाटावर बसून ठिपके मोजत असते. गेल्या खेपेस तिने मधेच हात आखडता घेतला. “ओळ वाकडी का येतेय रे?” म्हणाली. मी वाकून पाहिले. ओळ दोरी लावल्यासारखी सरळ होती.

ठाण्याच्या नेत्रतज्ज्ञांनी तिच्यापुढे चौकटींचा कागद धरला. मधल्या रेघा तिला वाकलेल्या दिसत होत्या. वीस वर्षांच्या मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यातल्या केसासारख्या बारीक वाहिन्या खराब केल्या होत्या. पडदा प्राणवायूसाठी हाक मारू लागला, आणि ती हाक थांबेचना. तिच्यामुळे वाहिन्या पाझरू लागल्या आणि पडद्याच्या मध्यभागी सूज आली. आणखी दुर्लक्ष झाले तर घाईघाईने फुटलेल्या नाजूक नव्या वाहिन्या रक्तस्राव करतात आणि दृष्टी जाऊ शकते.

पडद्यातून असे काहीतरी स्रवत असावे, असा तर्क मायकेलसन या नेत्रतज्ज्ञाने १९४८ सालीच केला होता. १९८३ मध्ये बोस्टनला सेंगर आणि ड्वोरॅक यांना वाहिन्या पाझरायला लावणारा पदार्थ सापडला. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात नेपोलिओने फेरारा यांनी वाहिन्या वाढवणारे प्रथिन वेगळे काढले. गंमत पहा, दोन्ही एकच निघाले! जो हात पोसतो, तोच बुडवतो.

उपाय होता, पण त्याचे नाव ऐकूनच आमच्या घरात शांतता पसरली. डोळ्यात सुई! या प्रथिनाला अडवणारे औषध २००४ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले होते. गाठीही आपल्या पोषणासाठी हीच हाक मारतात. पुढच्याच वर्षी ते डोळ्यात देऊन पाहिले गेले, आणि नंतर खास डोळ्यासाठीही औषधे आली. आईला या इतिहासाशी कर्तव्य नव्हते. तिने विचारले, “डॉक्टर, ते जे काय आहे, ते चांगलं की वाईट?”

“चांगलंच आहे, आजी. फक्त फार होतंय.”

आई क्षणभर गप्प राहिली. “म्हणजे लेकरू रडलं की भरवत सुटणारी आईच की ती! सांगा तिला, आता पुरे म्हणून.” आणि ती उठून उभी राहिली.

थेंब घालून डोळा बधिर केला. सुई बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागातून गेली. टाकीला लागणारा वेळ फार थोडा, बाहेर बसलेल्यांचा फार मोठा. औषधाचा असर काही आठवडेच टिकतो, म्हणून सुरुवातीला महिन्या-महिन्याने ठाण्याच्या फेऱ्या झाल्या. गेलेले सगळे परत आले नाही. उजव्या डोळ्यापुढचा एक धूसर डाग तसाच आहे. पण रेघा पुष्कळ सरळ झाल्या, आणि जाड अक्षर चष्म्याने वाचता येते.

सुईने हाक दबते, तिचे कारण जात नाही. कारण साखर, आणि तिचा बंदोबस्त घरातच करायचा असतो. मधुमेह असलेल्याने डोळ्यांची तक्रार नसतानाही वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा, हे सांगायला मी डॉक्टर असण्याची गरज नाही. दिवाळीच्या फराळाइतके ते अगत्याने सांगावेसे वाटते, एवढेच.

आमच्याकडे यंदा फराळाची वाटणी आईनेच केली. डबा माझ्याकडे सरकवून ती म्हणाली, “अनारसे तुमचे, दिवाळी अंक माझा.”