अनर्थदंड आणि एक रबरी नळी

अनर्थदंडत्याग हे व्रत प्रवचनात ऐकताना पुष्कळ श्रावकांना वाटते, की याचा आपल्याशी फारसा संबंध नाही. आपण कोणाच्या हाती शस्त्र देत नाही, कोणाला पापाचा उपदेश करीत नाही, कोणाच्या वाइटाचे चिंतन करीत बसत नाही. परंतु आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतला शेवटचा प्रकार प्रमादचर्येचा आहे. प्रयोजन नसताना भूमी खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वायूला क्षोभवणे, वनस्पती तोडणे हे सारे तीत येते. बेफिकिरीने केलेली ही हिंसा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे चालू राहते. आजच्या घरात ती कोठे लपलेली असते, हे पाहायचे तर कधी कधी मोटारीचे बोनेट उघडावे लागते.

बीडहून दक्षिणेकडे निघाले की बालाघाटाच्या रांगांत मांजरसुंब्याचा घाट लागतो आणि मांजरसुंब्यापासून जवळच कपिलधार आहे. डोंगराच्या कुशीतला धबधबा आणि संत मन्मथस्वामींची समाधी यांमुळे हे स्थान मराठवाड्यात सर्वांना परिचित आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला वीरशैव बांधव दूरदूरच्या गावांहून पालख्या घेऊन येथे येतात. याच रस्त्यालगत एका जैन कुटुंबाचे दुकान व घर आहे. थोरल्या भावाच्या निधनानंतर त्याची जुनी पेट्रोल मोटार घरात राहिली. ती चालवतो त्याचा मुलगा. आणि तिची काळजी वाहतात धाकटे भाऊ, म्हणजे मुलाचे काका.

आषाढाच्या अष्टाह्निकेत वहिनींना कुंथलगिरीला न्यायचे ठरले होते. देशभूषण-कुलभूषण मुनींची ही सिद्धभूमी आणि 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी जेथे सल्लेखना घेतली ते हे स्थान. चौसाळ्यामार्गे गेले तर तेथून फार दूर नाही. परंतु त्या उन्हाळ्यात गाडी घाट चढताना मागे निळसर धूर सोडू लागली. ऑइल पुन्हापुन्हा कमी भरू लागले, इंजिनाच्या खालच्या बाजूला तेलकट ओल दिसू लागली आणि एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल साचलेले आढळले.

शहरातल्या एका गॅरेजात दोन पर्याय सांगण्यात आले. पहिला, इंजिन खोलून रिंगा बदलणे. त्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने जड होता. दुसरा फुकटाचा होता : "ब्रीदरचा पाइप काढून खाली सोडून द्या, म्हणजे फिल्टरमध्ये ऑइल येणार नाही." पुतण्याला दोन्ही पटले नाहीत. त्याने तिसराच मार्ग सुचवला.

"काका, गाडी विकूनच टाकू. इंजिन धुऊन घेतलं की आठ-दहा दिवस कुणाला कळणारसुद्धा नाही."

काका शांतपणे म्हणाले, "अरे, घेणाऱ्याला कळणार नाही, म्हणूनच तर अशी विकता येणार नाही."

दुकानात बसणाऱ्या माणसाला याहून अधिक स्पष्टीकरण लागत नाही. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहाराचा उल्लेख आहे. चांगल्या मालाचे रूप देऊन वाईट माल खपवणे म्हणजे तोच. दाण्यात खडे मिसळणे आणि गळते इंजिन पुसून चकचकीत करणे यांत तत्त्वतः फरक नाही.

राहिला पाइप खाली सोडण्याचा सल्ला. तो का टाळायचा, हे समजण्यासाठी त्या पाइपाचे काम समजले पाहिजे. सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका उडतो, तेव्हा पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइल असते त्या कोठीत, उतरतो. नव्या इंजिनातही हे थोडेफार घडतेच. या वायूत न जळलेले पेट्रोल, पाण्याची वाफ आणि आम्ले असतात. तो कोंडून राहिला तर ऑइलचा चिखल होतो आणि दाब वाढून ऑइल सीलमधून बाहेर पडू लागते. म्हणून त्याला वाट द्यावी लागते. जुन्या काळी अनेक इंजिनांत ही वाट एका नळीने थेट रस्त्याकडे काढलेली असे.

लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेचे रहस्य उलगडणारे डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांच्या संशोधनानंतर मोटारींच्या धुराकडे जगाचे लक्ष गेले. तेव्हा ध्यानात आले, की मोटारीतून हवेत जाणाऱ्या न जळलेल्या इंधनापैकी सुमारे पाचवा हिस्सा एक्झॉस्टमधून जातच नाही. तो या क्रँककेसच्या नळीतून जातो. कॅलिफोर्नियात 1961 च्या मोटारींपासून ही नळी बंद करून तो वायू पुन्हा इंजिनातच जाळण्याची योजना आली. मोटारींच्या प्रदूषणावरील हा पहिला यांत्रिक उपाय मानला जातो. भारत स्टेज नियमांतही पेट्रोल मोटारीच्या क्रँककेसचा वायू बाहेर सोडण्यास मुभा नाही.

आणि तरीही पाइप काढून सोडलेली गाडी पीयूसीच्या तपासणीत उत्तीर्ण होऊ शकते. कारण ती तपासणी मागच्या सायलेन्सरच्या तोंडाशी होते. बोनेटखाली लोंबणाऱ्या नळीतून काय जाते, हे तेथे कोणी पाहत नाही. प्रमाणपत्र खरे आणि आचरण खोटे, अशी ही स्थिती. वायुकायिक जीवांची विराधना आणि रस्त्याकडेच्या माणसाचा श्वास यांचा हिशेब मात्र प्रमाणपत्राने बदलत नाही.

काकांनी इंजिन खोलण्याआधी एक साधी परीक्षा केली. इंजिन मंद गतीवर चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण काढले आणि त्या तोंडावर कागदाचा तुकडा ठेवला. व्यवस्था नीट असेल तर कागद हलकेच आत ओढला जातो. येथे तो वर उचलला गेला. म्हणजे आत दाब साठत होता. मग टॅपेट कव्हरवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून त्याच्या तोंडावर बोट धरले. ओढ जाणवली नाही. या छोट्या व्हॉल्व्हमध्ये एक स्प्रिंग आणि एक दट्ट्या असतो. इंजिन मंद चालते तेव्हा इनटेकची ओढ तीव्र असते, म्हणून दट्ट्या वाट अरुंद करतो. वेग वाढला की ओढ कमी होते आणि वाट रुंदावते. येथे काळ्या राळेने दट्ट्या बंद स्थितीत चिकटला होता. वाट न मिळालेला वायू उलट दिशेने एअर फिल्टरकडे जात होता व सोबत ऑइल नेत होता. तेच ऑइल इनटेकमधून आत जाऊन जळत होते. घाटातला निळा धूर त्याचाच होता.

एका रविवारी, पूजा आटोपल्यावर, काका-पुतणे अंगणात कामाला लागले. इंजिन पूर्ण थंड होऊ दिले. सुटे भाग काढण्यापूर्वी पुतण्याने मोबाइलवर सर्व नळ्यांची छायाचित्रे घेतली. पकडीने क्लिपा सरकवल्या. जुनी नळी उन्हाने आणि उष्णतेने इतकी कडक झाली होती, की वाकवताच तडकली. तिचे तुकडे आत पडू नयेत म्हणून इनटेकचे तोंड आधीच स्वच्छ फडक्याने झाकले होते. व्हॉल्व्हच्या बुडाचे रबरी ग्रोमेटही नवे घेतले, कारण तेथे फट राहिली तर बाहेरची हवा ओढली जाऊन इंजिन अडखळते. नवी नळी घेताना काकांनी तिचा आतला व्यास मोजला आणि ती ऑइल सहन करणारीच आहे ना, हे विचारून घेतले. पाण्याची साधी नळी येथे काही दिवसांत फुगते व इनटेकच्या ओढीने चपटी होते. दोन्ही नळ्या, व्हॉल्व्ह, ग्रोमेट, नवा एअर फिल्टर आणि शेवटी ताजे ऑइल, एवढाच सारा व्याप होता.

पुतण्या फडके पेट्रोलमध्ये भिजवून जमिनीवर पिळणार, तोच काकांनी हात धरला. अंगणात मुंग्यांची रांग होती आणि पावसाचे पाणी तेथून ओढ्याकडे वाहत जाते. तेलकट फडकी पिशवीत बांधली, काढलेले ऑइल डब्यात भरले आणि दुसऱ्या दिवशी जुने ऑइल गोळा करून पुनर्शुद्धीसाठी पाठवणाऱ्या गॅरेजात नेऊन दिले. यत्नाचार हा शब्द मुनिजनांच्या विहारापुरता नाही, हे त्या मुलाला त्या दिवशी वेगळे सांगावे लागले नाही.

इंजिन सुरू केले. कागद आत ओढला गेला. परंतु काकांनी लगेच समाधान मानले नाही. त्यांनी डिपस्टिकवरची ऑइलची खूण वहीत टिपली आणि पुतण्याला दर आठवड्याला तपासायला सांगितली. महिन्याभरात सीलभोवतीची ओल थांबली, घाटातला धूर जवळजवळ नाहीसा झाला. ऑइल मात्र अजून किंचित कमी होत होते. म्हणजे रिंगाही थोड्या झिजल्या होत्या. गॅरेजवाल्याचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे नव्हते. फक्त मोठ्या खर्चाआधी लहान कारण तपासले गेले नव्हते.

कुंथलगिरीची यात्रा त्याच गाडीने झाली. ती वही आता गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवलेली आहे. काय बदलले, कधी बदलले आणि काय अद्याप उणे आहे, हे तीत पुतण्याच्या हस्ताक्षरात लिहिलेले आहे. उद्या गाडी विकायची वेळ आली तर ती वही घेणाऱ्याच्या हाती द्यायची, असे त्याने स्वतःच ठरवले आहे. त्याने किंमत थोडी कमी येईल, हेही त्याला ठाऊक आहे.

सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, याचा समाजाला अभिमान आहे. मोटार घडवणे थोड्यांच्या वाट्याला येते. ती निर्दोष राखणे प्रत्येकाच्या हाती आहे. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्राणघाताच्याही आधी प्रमादाचे नाव घेतले. वाहनावाचून आजच्या श्रावकाचा संसार चालत नाही, तेव्हा त्यातली अपरिहार्य हिंसा त्याला सोडता येणार नाही. पण तडकलेल्या नळीतून होणारी हिंसा अपरिहार्य नाही. ती तेवढी सुटू शकते. आणि तिच्यासाठी एक पक्कड, एक रविवार आणि थोडी जागरूकता पुरेशी असते.